ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

गंगाधर,

तुझ्या घरी पोहोचायला मला उशीर झाला आणि त्याचा दोष मी तुझ्यावरच टाकणार आहे. इतकी वर्षं एका टेबलावर काम केलं. वस्तीचा पत्ता विचारला की तुझं ठरलेलं उत्तर असायचं, "पुसेगावात ये अन् कुणालाबी विचार. मेंढरंवाल्याचा गंगाधर म्हण, लेकरूबी सांगंल."

विचारलं मी. पानटपरीवाल्यानं शाळेच्या मागून पाठवलं. शाळेच्या मागं एक जण भेटला, त्यानं परत फिरवून ओढ्याच्या अंगाला लावलं. ओढ्यावर एक बाई म्हणाली, "अशीच सरळ जाय माय, ही वाट थेट तिथंच जाते." ती वाट थेट एका विहिरीवर गेली आणि संपली. मोबाईलवर माझा निळा ठिपका झकास दिसत होता. आभाळ मोकळं होतं, उपग्रह आपापल्या जागी होते. जीपमधलं आपलं मशीनही चालू होतं आणि बरोबर चाललं होतं. मी कुठं आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तुझी वस्ती मात्र कुठल्याच नकाशात नव्हती, कारण तू ती कधी टाकलीच नाहीस. दुनियेला वाट दाखवायचं यंत्र करणारा माणूस, आणि स्वतःच्या घराची खूण टाकायला ह्याला सवड नाही.

मी आले तेव्हा माणसं परत फिरायला लागली होती. तुझं शेवटचं तोंड बघायचं राहिलं.

त्या तिघांवर मी चिडायला पाहिजे, पण चिडता येत नाही. कनेरगाव नाक्यावरचा तो म्हातारा आठवतो. आपली पहिली मोठी चाचणी होती. पक्क्या रस्त्यावर मशीन कसं वागतं ते कळलं होतं, कच्च्या रस्त्यावर बघायचं म्हणून तू आडवाटेचं एक गाव काढलं होतंस. ढाब्याबाहेर बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याला मी रस्ता विचारला. त्यानं क्षणाचाही विचार न करता हात केला, "सरळ जा, मंग डाव्या हातानं." आपण गेलो. डाव्या हाताला तुरीचं रान आणि पुढं काटेरी कुंपण. परत येऊन मी त्याला म्हटलं, "काका, तिकडं तर रस्ताच नाही." तो जरासुद्धा ओशाळला नाही.

"मला त्या गावचं काय ठाऊक? मी कवा गेलो तिकडं?"

"मग सांगितलं काहून?"

"आता तुमी पाहुणे माणसं. एवढ्या उन्हाचं विचारून राहिले. तोंडावर न्हाई म्हणू का?"

मला हसू आवरेना. तू मात्र हसला नाहीस.  चहा आल्यावर लॅपटॉपवरच्या नकाशाकडं बोट दाखवून म्हणालास, "वैशाली, तू ह्या म्हाताऱ्यावानी मशीन बनवून राहिलीस."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास.

आपण काय बनवतो हे आमच्या बाबांना मी एकदा समजावलं होतं. तुला आठवत असेल, तू हट्ट्याला आमच्या घरी जेवायला आला होतास. मी म्हटलं, "बाबा, लाईट गेल्यावर अंधारात तुम्ही घरातून अंगणात कसं जाता? इतकी पावलं सरळ, मग उजवीकडं वळायचं, मग उंबरा. तसंच हे. उपग्रह म्हणजे लाईट. सरहद्दीकडं काही ठिकाणी मुद्दाम सिग्नल दाबतात, बोगद्यात तर तो पोहोचतच नाही. तिथं हे मशीन चाक किती फिरलं ते मोजतं, गाडी किती वळली ते मोजतं, आणि निघालो तिथपासून बेरीज करत जातं." बाबांना एकदम पटलं. उभी हयात हळद शिजवण्यात गेलेला माणूस तो, कढईच्या वाफेत समोरचं दिसत नसताना हात बरोबर कुठं जातो हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. तू मध्ये तोंड घातलंस.

"पण काका, बेरीज चुकती. प्रत्येक वळणाला थोडी थोडी. चाकात हवा कमी असली तरी चुकती. अन् चूक साठत जाती. ओळखीचा पूल नाहीतर रेल्वेफाटकाचा उंचवटा लागला तरच ती धुऊन निघती."

"मंग बराबर कवा असतंय?" बाबांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई," तू म्हणालास आणि भाकरी मोडलीस.

बाबांनी बरेच दिवस ते मनात ठेवलं. मग एकदा त्यांनी तुला माझ्या नोकरीचं विचारलं, पोरीला पुण्याला चांगलं काम लागेल का म्हणून. तेव्हाही तू तेच म्हणालास. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लागेल की काका, का नाही लागणार. तू गेल्यावर बाबा मला म्हणाले, "हा कसला इंजिनेर? ह्याला कायबी ठाऊक न्हाई."

मला तुझा खरंच राग यायचा, गंगाधर. तो राग नुसत्या स्वभावाचा नव्हता, हे तुला मी नीट कधी सांगितलं नाही. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या "माहीत नाही" हेच उत्तर होतं. तलाठ्यासमोर माहीत नाही, दवाखान्यात माहीत नाही, बँकेत कुठं सही करायची माहीत नाही. घरातली पहिली मी, जी कॉलेजात गेली. मी शिकले ते हे दोन शब्द बोलणं बंद करायला. नांदेडला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काहीतरी विचारलं, मला येत नव्हतं, तरी मी धडाधड बोलत सुटले. थांबले असते तर खुर्ची काढून घेतील अशी भीती होती. माझ्यानंतर तू आत गेलास, आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणालास, "दोन प्रश्नांना ठाऊक न्हाई म्हटलं." तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं तू. तुझ्याही घरात तूच पहिला. तुला ही भीती कशी नव्हती?

मी एकदा विचारलंही होतं. तू म्हणालास, "शिकल्यावरच म्हणता येतं ते. आधी म्हटलं तर लोक अडाणी म्हणतात. आता आपल्याला म्हणायचा हक्क भेटला, तर तू वापरून नाही राहिली."

मी तेव्हा तुझ्यावर पेन फेकलं होतं. आज हे लिहिताना कबूल करते, मला तुझं म्हणणं तेव्हाच आवडलं होतं.

हिंगोलीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागची आपली खोली तशीच आहे. दुकानातून तापलेल्या वार्निशचा वास अजून येतो. तुझा जेवणाचा डबा अजून जीपच्या टपावर चिकटपट्टीनं चिकटलेला आहे. तो तिथं कसा गेला हे आठवलं की अजून वैताग येतो. चाचणीसाठी उपग्रहाचा सिग्नल तोडायचा होता. मी व्यवस्थित वायरिंगची आकृती काढत बसले होते, कुठून काय सोडवायचं ते ठरवत. तू डब्यातली भाजी कागदावर ओतलीस, डबा पुसलास आणि टपावरच्या अँटेनावर पालथा घातलास. "घे. मेला उपग्रह." आणि खरंच मेला. मग आपण दोघांनी कागदावरची वांग्याची भाजी खाल्ली. माझी आकृती त्या भाजीखाली होती.

आपलं काम पसंत पडलं ते मालट्रकांच्या एका कंपनीला. त्यांचे ट्रक अशा भागात जातात जिथं सिग्नल दाबला जातो, आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर ट्रक भलत्याच गावात दिसतो. त्यांचे साहेब चाचणी बघायला येणार होते. मी सगळं तयार केलं होतं. नकाशावर सुबक ठिपका, ट्रकसारखा सरकणारा. तू आदल्या दिवशी बसून त्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ काढलंस. बेरजेत चूक साठत जाईल तसं ते फुगणार. ओळखीचा पूल लागला की आवळून परत छोटं होणार. "मशीन आता खरं बोलून राहिलं," तू म्हणालास. "ह्या वर्तुळात मी कुठंतरी हाय, एवढंच ठाऊक हाय, असं."

मी म्हटलं, वर्तुळ बंद ठेव. तू हो म्हणालास. बंद ठेवलं नाहीस.

वसमतच्या रस्त्याला त्या दिवशी उसाचे ट्रॅक्टर, बाजूनं लोखंड भरलेला ट्रक, त्या लोखंडामुळं मशीनमधल्या होकायंत्राची सुई वेड लागल्यासारखी. वर्तुळ फुगत गेलं. साहेब मागच्या सीटवरून वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे आपण हिंगोली जिल्ह्यात आहोत. हे मला पाटीवरून कळलं होतं."

तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "पाटी बराबर असंल तर, साहेब."

साहेब हसले, पण ते हसू मला कळलं. दोन दिवसांनी निरोप आला की ठिपका चांगला आहे, ते वर्तुळ काढून टाका, ड्रायव्हर घाबरतात. नाहीतर आम्ही दुसरीकडं बघू. आपल्याकडं दुसरं काम नव्हतं. हे एक गेलं तर ती खोली सोडायची आणि मी पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली लागायचं, इतकं सरळ होतं ते. जीप चालवता चालवता मी तुला म्हटलं, "तुला खरं ठरायचंय का काम टिकवायचंय?"

"तू ड्रायव्हर हायस असं धर," तू म्हणालास. "घाटात धुकं हाय. ठिपका म्हणतो रस्ता इथं हाय. तू ठिपक्यावर भरोसा ठेवून वळलीस. अन् तिथं दरी असली तर?"

"आपली चूक एवढी मोठी नसते."

"मंग केवढी असते?"

"थोडी."

"मंग थोडीचं वर्तुळ काढ की. तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापावर जाऊ नको, गंगाधर."

 तू जीप थांबवायला सांगितलंस, उतरलास आणि मैलाच्या दगडावर बसलास. हात छातीवर होता. मला वाटलं माझ्या बोलण्यावर रुसलास. तरी विचारलं, "काय होतंय?"

"गॅस हाय. नाक्यावरची भजी."

किती ठामपणे म्हणालास. कुठंही शंका नाही, कुठंही कदाचित नाही. एकदम ठिपका.

तुझ्या बायकोनं मला परवा सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरांनी तुला आधीच सांगून ठेवलं होतं की हृदयाचं दुखणं आहे, ऑपरेशन लांबवू नका, कधी काय होईल सांगता येत नाही. डॉक्टरसुद्धा तुझ्यासारखाच निघाला बघ, सांगता येत नाही म्हणाला. आणि तू तिला बजावलंस, "वैशालीला कळू देऊ नको, ती काम थांबवील." ती हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. तिला वाटत होतं मी तिच्यावर रागावेन. मी तिच्यावर का रागावू? मशीननं खोटा ठिपका दाखवू नये म्हणून साहेबांसमोर काम पणाला लावणारा तू, आणि घरी, ऑफिसात, रस्त्यावर, विचारेल त्याला "एकदम ओके" म्हणत फिरत होतास. कनेरगाव नाक्यावरच्या त्या बाजेवर तुझ्यासाठीही जागा होती, गंगाधर. तू आमच्यातलाच होतास. पाहुण्याला तोंडावर न्हाई म्हणवेना.

परवा म्हणजे दहाव्याला आले होते. ह्या वेळी चुकले नाही, कारण पहिल्या दिवशीच परत निघताना मी तुझ्या वस्तीची खूण नकाशात टाकली. लिंबाखाली बायका बसल्या होत्या, तुझी आई मधोमध. मी जाऊन शेजारी बसले. जो येत होता तो काकूंना काही ना काही सांगत होता. एक म्हातारी म्हणाली, "रडू नको, तो देवाच्या पायापाशी गेला." दुसरी म्हणाली, "अगं, वर्षाच्या आत तुझ्याच घरात लेकरू होऊन येतोय बघ." पुढारी माणूस एक, पांढऱ्या कपड्यातला, उभ्या उभ्या सांगून गेला, "चांगल्या जागी गेला. पक्कं." काकू सगळ्यांना मान हलवत होत्या.

ते गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"तुमचं ते डबडं हाय नं, गंगाधर दाखवायचा बघ. कुठं बी गेलं तरी कळतं म्हणायचा."

"हाव काकू."

"त्याच्यात बघून सांग बरं. कुठं असंल गं तो आता?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी शिकलेली. शहरातून आलेली. माझ्याकडून काहीतरी भारी येणार अशी सगळ्यांची तयारी. आमच्या घरात देवाच्या पायांचं बोलत नाहीत, आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, आणि तरी त्या घटकेला माझ्या तोंडात काहीतरी गोड, गोल, पूर्ण वाक्य तयार झालं होतं. पुढं जा, डाव्या हातानं. अगदी तसलंच.

ते मी गिळलं. म्हटलं, "न्हाई काकू. मला ठाऊक न्हाई."

एक बाई "अगं" म्हणाली. काकू मात्र कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले.

"सकाळधरनं समदे पत्ता देऊन राहिले," त्या म्हणाल्या. "तू एकटी बराबर बोललीस." आणि सुनेला हाक मारली, "हिला च्या आण. साखर जास्त घाल, ती गोड पिती."

मी गोड पिते हे तू घरी सांगितलं होतंस तर.

परत येताना मी टपावर चढून तुझा डबा अँटेनावर नीट बसवला. उपग्रह मेला. वर्तुळ फुगत गेलं, मी त्याच्याकडं बघत गाडी चालवली. कयाधूच्या पुलावर चाकं चढली, मशीननं पूल ओळखला, आणि वर्तुळ आवळून एका नाण्याएवढं झालं. तू ह्याच जागी दरवेळी "आलो" म्हणायचास, घरी पोहोचल्यासारखा. मी ते म्हटलं नाही. 

काल साहेबांना वर्तुळासकट पाठवून दिलं. त्यांचा लगेच फोन आला.

"मॅडम, ते वर्तुळ राहिलंय."

"राहिलं नाही साहेब. ठेवलंय."

"ड्रायव्हर घाबरतील म्हणून सांगितलं होतं."

"घाबरू द्या. घाबरला की हळू जाईल. थांबेल, कुणाला तरी विचारेल. ठिपका दाखवला तर तो थांबणारच नाही."

 ते म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. खोली राहील का, मी पुण्याला जाईन का, तेही नाही. बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "तुला बी त्याची हवा लागली." वाईट वाटल्यासारखं म्हणाले नाहीत.

तेव्हा भांडण तू जिंकलास, घे. ह्यापुढं आपल्या मशीनच्या ठिपक्याभोवती वर्तुळ राहील, जोवर मशीन माझ्या हातात आहे तोवर. पण ते मैलाच्या दगडावरचं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. भज्यांवर ढकलायच्या ऐवजी एकदा म्हणायचं होतंस, काय होतंय ते ठाऊक न्हाई म्हणून. एवढंच. तुला सगळ्यांत सोपं जाणारं वाक्य होतं ते.

मी गाडी नांदेडकडं वळवली असती. तुलाही ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू म्हणाला नाहीस.